एकोणीस गाठी

घाटीगावच्या पुढे डांबर संपतं.
तिथून माझी मोटारसायकल
दगडांना रस्ता विचारत जाते.
मागे बर्फाचा डबा, डब्यात लशी,
वरच्या खिशात कार्यालयाचा फॉर्म,
घामानं जरा मऊ पडलेला.

फरशीची बंद खाण.
फरशी गेली, ठेकेदार गेला,
खड्डा तेवढा राहिला, आणि खड्ड्यात
गेल्याच्या गेल्या वर्षीचं पाणी, हिरवट, जाड.
त्यात एक दोर सोडलेला. वीतभरावर एकेक गाठ.
"एक गाँठ, एक दिन," बिटोली बघेल म्हणाली.
ओल्या गाठी एकोणीस.

पाळी ठरलेली होती. कागदावर नव्हे.
आधी गाभण मेंढ्या.
मग अंगूरीच्या तीन शेळ्या,
कारण तीनच आहेत.
म्हशीवाले गूजर सगळ्यात शेवटी,
आणि हे त्यांनी मान्य केलं होतं
चार रात्री भांडून, एकदा लाठ्या उगारून.
तेही सांगायला हवं.

चाऱ्याची वही सिरनामच्या मुलीकडे.
सातवीत शाळा सुटलेली, अक्षर वळणदार.
बडी भूरी, अर्धा पूळा.
वाकड्या शिंगाची, अर्धा पूळा.
कानफाटी, पाव.
माणसाचं नाव एकही नाही.
मी विचारलं, मालक कोण?
"भूक तो इनकी है ना," ती म्हणाली
आणि पान उलटलं.

मी फॉर्म उघडला.
पहिला रकाना: लाभार्थी.
बिटोलीनं विचारलं, तो कोण?
आमच्या लष्करच्या घरात मराठी, कार्यालयात हिंदी,
शब्द दोन्हीकडे तोच,
आणि दोन्हीकडे
मला सांगता येईना.

उन्हं उतरली तेव्हा
उताराच्या टोकाला धूळ उठली. धुळीत घंटा.
मारवाडकडचा एक देवासी, वेलाराम,
दोन उंट, एक लंगडं कुत्रं,
अडीचशे मेंढ्या.
तो काही बोलला नाही.
पागोट्याचं टोक सोडून तोंड पुसलं
आणि लांबच उकिडवा बसला,
पाण्याकडे पाठ करून.

या, असं कुणी म्हणालं नाही.
सगळे मनात भागाकार करत होते;
मीही.
बिटोली उठली. दोर वर ओढला,
ओल्या गाठी पुन्हा मोजल्या,
जणू सकाळपासून एखादी वाढली असेल.
मग वरच्या दोन सोडायला बसली.
नखांनी, दातांनी.
ओली गाठ सहज सुटत नाही.

म्हशीवाल्यांतला एक थुंकला, उठून गेला.
बऱ्याच वेळानं परत आला
खांद्यावर लाकडी डोणी घेऊन:
परक्या मेंढ्या कड्यावरून उतरणार कशा?
हे त्याला जाता जाता सुचलं असावं.

रात्रभर डोणीवर जिभांचा आवाज,
अंधारात कुणी ओलं कापड टरकावत असल्यासारखा.
माझ्या डब्यातल्या उरलेल्या लशी
मी वेलारामच्या कळपाला टोचल्या.
परराज्यातली जनावरं, नियमात बसत नाहीत.
पण बर्फ काही नियम वाचत नव्हता.

शहरातून ट्रक आला सोळाव्या दिवशी.
चाऱ्यावर कापडी फलक, फलकावर हसरे चेहरे.
दोराला ओली गाठ एक.
साहेबांनी विचारलं, समितीचा अध्यक्ष कोण?
सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं
आणि सिरनामच्या मुलीला पुढे ढकललं.

साहेबांनी वही घेतली, चष्मा सारखा केला,
हाक मारावी तसं मोठ्यानं वाचलं:
"बडी भूरी?"

कुणी हसलं नाही.
मुलीनं वही परत मागून घेतली,
पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.
"ती गुरुवारी गेली," ती म्हणाली,
"तिचा अर्धा पूळा
गाडीतून उतरवू नका."